पुणे मनपाचा प्रॉपर्टी टॅक्स: भरायला सोपा, कळायला अवघड

एप्रिल संपत आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच विषय असतो, टॅक्सचं बिल आलं का, ऑनलाईन दिसतंय का, सवलतीची शेवटची तारीख कुठली आणि शेजारच्या विंगला कमी आणि आम्हाला जास्त का. मी सोसायटीची सेक्रेटरी आहे त्यामुळे लोक बिल हातात घेऊन थेट घरीच येतात, आणि इतकी बिलं बघून झालीत की म्हटलं आता लिहूनच काढावं. हॉटेलचा, मिक्सरचा, वॉशिंग मशीनचा रिव्ह्यू सगळे लिहितात, पण ज्या सेवेसाठी आपण दरवर्षी न चुकता हजारो रुपये मोजतो तिच्याबद्दल फक्त "लूट आहे" एवढंच ऐकू येतं. मला ते पटत नाही. सेवेत चांगलं काय आणि कुठे सुधारायला हवं हे नीट मांडलं पाहिजे.

आधीच सांगते, हा फक्त पुणे महानगरपालिकेच्या मिळकतकराचा रिव्ह्यू आहे. पिंपरी-चिंचवडची पालिका वेगळी, तिची वेबसाईट वेगळी, नियमही थोडे वेगळे. कॅम्प आणि खडकीत कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे, तिथल्या लोकांना मनपाच्या साईटवर स्वतःचं खातं सापडणारच नाही, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

पहिल्यांदा भरण्याचं बोलू, कारण तो भाग खरंच चांगला जमलाय. मनपाच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या साईटवर जायचं, सेक्शन आयडी, पेठ (म्हणजे टॅक्ससाठी पाडलेला विभाग) आणि खाते क्रमांक या तीन गोष्टी टाकायच्या, बिल समोर येतं. तिन्ही गोष्टी जुन्या बिलावर किंवा जुन्या पावतीवर वरच्या बाजूला छापलेल्या असतात. तुम्ही धायरीत राहत असाल किंवा विमाननगरला, तरी तुम्हाला एक पेठ असतेच, हे नवीन माणसाला कळत नाही आणि तो यादीत आपल्या एरियाचं नाव शोधत बसतो, तर तसं न करता बिलावर जे आहे तेच निवडा. पैसे यूपीआय, नेटबँकिंग, कार्ड कशानेही भरता येतात, पावती लगेच डाऊनलोड होते. माझा आजवरचा अनुभव उत्तम आहे, मी रात्री जेवणं झाल्यावर बसून सासूबाईंच्या नावावरच्या घराचा आणि आमचा असा दोन्ही टॅक्स भरते आणि पावत्या लगेच सेव्ह करून ठेवते. फक्त मोबाईलवर आलेल्या कुठल्याही लिंकवरून भरू नका, पत्ता स्वतः टाईप करून साईट उघडा.

ज्यांना ऑनलाईन नको असतं त्यांच्यासाठी नागरी सुविधा केंद्रं आणि क्षेत्रीय कार्यालयं आहेतच. आमचे सासरे अजूनही चेकच देतात, आणि त्यांची एक पद्धत मला फार आवडते, चेकच्या मागे खाते क्रमांक आणि मोबाईल नंबर लिहायचा म्हणजे चेक कुणाच्या खात्यावरचा आहे यात गोंधळ होत नाही. भरणा या बाबतीत मी 5 पैकी साडेचार देईन.

आता बिलाकडे वळू, कारण खरी अडचण तिथे आहे.

बिल हातात घेतलं की माणूस सगळ्यात खालचा आकडा बघतो आणि सुस्कारा टाकतो. मधल्या ओळी कुणी वाचत नाही, आणि त्या वाचल्या तरी कळतील अशा लिहिलेल्या नसतात. सर्वसाधारण कर, सफाई कर, अग्निशमन कर, वृक्ष कर, जललाभ कर, जलनिस्सारण लाभ कर, पथकर, विशेष साफसफाई कर, मनपा शिक्षण उपकर, आणि शिवाय राज्य सरकारचा शिक्षण कर. दुकान किंवा ऑफिस असेल तर त्यात रोजगार हमी उपकर पण येतो. म्हणजे ज्याला आपण एक टॅक्स म्हणतो तो खरं तर एका कागदावर गोळा केलेले बरेच छोटे छोटे टॅक्स आहेत, आणि त्यातला शिक्षण कर आणि रोजगार हमीचा उपकर मनपा फक्त गोळा करून राज्याकडे पाठवते. हे लोकांना माहीत नसतं. अग्निशमनाची ओळ मी सगळ्यांना मुद्दाम दाखवते, कारण आपल्याकडे आग लागली, झाड पडलं, लिफ्टमध्ये कुणी अडकलं, फ्लॅटचं दार आतून लॉक होऊन लहान मूल आत राहिलं तर आपण 101 ला फोन करतो आणि ती माणसं येतात, कुणी बिल हातात देत नाही. त्याचे पैसे इथे आधीच भरलेले असतात.

मग येतो तो शब्द, वार्षिक करपात्र रक्कम. अर्ध्या लोकांना वाटतं हाच टॅक्स, आणि तो आकडा बघून त्यांच्या पोटात गोळा येतो. तसं नाहीये. पुण्यात टॅक्स हा घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती येईल या हिशोबावर बसतो, बाजारातलं खरं भाडं नाही, मनपाने त्या भागासाठी आणि त्या प्रकारच्या बांधकामासाठी ठरवलेला दर. समजा 600 स्क्वेअर फुटांचा फ्लॅट आहे आणि दर महिन्याला फुटाला 2 रुपये धरला (दर मी फक्त हिशोब समजण्यासाठी घेतलाय, तुमचा वेगळा असेल), तर 600 गुणिले 2 गुणिले 12 म्हणजे 14,400. तुम्ही स्वतः राहत असाल तर त्यातले 40 टक्के सोडायचे, राहिले 8,640. त्यातून देखभाल-दुरुस्तीचे 10 टक्के वजा, राहिले 7,776. ही झाली करपात्र रक्कम, आणि या रकमेवर वर सांगितलेल्या एकेका टॅक्सची टक्केवारी लागते. आता तोच फ्लॅट भाड्याने दिलाय किंवा 40 टक्क्यांची सवलत लागलेली नाही असं धरा, तर हीच रक्कम 12,960 होते. फरक केवढा पडतो बघा, आणि तो एका वर्षाचा नाही, दरवर्षीचा.

म्हणून मी प्रत्येकाला पहिली गोष्ट हीच विचारते, बिलावर 40 टक्के सवलत धरलीय का.

या सवलतीची कथा प्रत्येक पुणेकराला माहीत असायला हवी. 1970 साली मनपाच्या मुख्य सभेने ठराव केला की घरमालक स्वतः राहत असेल तर 40 टक्के सवलत, आणि देखभाल-दुरुस्तीसाठी 10 च्या ऐवजी 15 टक्के वजावट. कित्येक दशकं ते बिनबोभाट चालू होतं. मग लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की कायद्यात एवढ्या सवलतीची तरतूद नाही, आणि 2019 ला राज्य सरकारने तो ठराव रद्द केला. झालं काय, 1 एप्रिल 2019 पासून ज्या नव्या घरांची आकारणी झाली त्यांना सवलतीशिवाय बिलं यायला लागली, आणि त्याशिवाय जीआयएस सर्व्हेमध्ये (नकाशावर मिळकती नोंदवण्याची पाहणी) ज्यांच्या घरात भाडेकरू आहेत अशी नोंद झाली त्यांचीही सवलत गेली. गलका झाला, आंदोलनं झाली, सगळ्या पक्षांनी विषय उचलला, आणि शेवटी एप्रिल 2023 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 40 टक्के सवलत कायम ठेवायचा निर्णय घेतला. देखभालीची वजावट मात्र 15 वरून 10 वर आली, 1 एप्रिल 2023 पासून, पण मागच्या वर्षांचा 5 टक्क्यांचा फरक वसूल करायचा नाही असंही ठरलं. हा निर्णय चांगला होता आणि तसं म्हणायला मला काही संकोच नाही.

पण सवलत परत आली ती आपोआप नाही आली. ज्यांची गेली होती किंवा ज्यांना मिळालीच नव्हती त्यांनी पीटी-3 नावाचा अर्ज भरून द्यायचा. मुदत सुरुवातीला 15 नोव्हेंबर 2023 होती, नंतर वाढवली. इथे मी स्टार कापते. ज्याला पेपर वाचायची सवय आहे, ज्याच्या सोसायटीत कुणी धडपड करणारं आहे, त्याला कळलं. ज्या आजी-आजोबांची मुलं परदेशात आहेत आणि जे बिल आलं की मुकाट्याने भरून टाकतात त्यांना कुणी सांगायचं? सवलत हा हक्क आहे असं एकदा सरकारने मान्य केलं तर मग बिलाच्या वरच्या भागात मोठ्या अक्षरात छापा ना, "तुमच्या मिळकतीला 40 टक्के सवलत लागू आहे" किंवा "लागू नाही, त्यासाठी हा अर्ज भरा". एक ओळ लागते फक्त.

माझ्या नणंदेचं असंच झालं. तिचा फ्लॅट सिंहगड रोडच्या बाजूला, नवीन बिल्डिंग, आकारणी 2020 ची. आमच्या घरापेक्षा जेमतेम मोठा पण टॅक्स बराच जास्त. ती बिल घेऊन आली आणि म्हणाली, "वहिनी, मी काय गुन्हा केलाय का हो, तुमच्याएवढंच घर आहे माझं." मी बिल बघितलं, सवलत नव्हतीच. तिला तिच्या भागातल्या एका एजंटने सांगितलं होतं की मॅडम, आत ओळख लागते, तुमचं तुम्ही गेलात तर वर्ष जाईल, आम्ही करून देतो, आणि जो आकडा सांगितला तो वाचणाऱ्या टॅक्सच्या मानाने अजिबात पटणारा नव्हता. मी तिला म्हटलं ताई, एक रुपया द्यायचा नाही, आपण दोघी जाऊ.

कागद काय लागतात ते इथे लिहून ठेवते कारण हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो. पीटी-3 चा अर्ज, सोसायटीचं पत्र की हे सभासद याच फ्लॅटमध्ये स्वतः राहतात, आणि त्याच पत्त्याचा एखादा पुरावा, म्हणजे मतदान ओळखपत्र, पासपोर्ट, लायसन्स, रेशनकार्ड, गॅसचं कार्ड यातलं काहीतरी. पुण्यात तुमच्या नावावर दुसरं घर असेल तर त्याच्या टॅक्सच्या बिलाची कॉपी पण जोडायची, कारण ही सवलत एकाच राहत्या घराला मिळते. आणि हे फार महत्त्वाचं, खोटं लिहून देऊ नका, फ्लॅट भाड्याने दिला असेल तर सवलत मागू नका. आपण नियमाने मागतो म्हणून आपल्याला ताठ मानेने मागता येतं.

काऊंटरवरच्या ताईंनी आमचे कागद एकेक करून बघितले. सोसायटीच्या पत्रात फ्लॅट नंबर "बी-7" असा होता आणि टॅक्सच्या बिलावर नुसता "फ्लॅट नं. 7", तर त्या म्हणाल्या, "ताई, पत्रावर वरती मिळकतीचा खाते क्रमांक लिहून आणा आणि विंग पण स्पष्ट लिहा, म्हणजे पेठ निरीक्षक बघतील तेव्हा शंका राहणार नाही." मला ते इतकं पटलं की आता मी आमच्या सोसायटीच्या लेटरहेडवर असं पत्र देताना पहिली ओळ खाते क्रमांकाचीच घालते. पोच घेतलीच पाहिजे, शिक्का आणि तारखेसकट. नणंदेचं बिल दुरुस्त होऊन आलं आणि जास्तीची भरलेली रक्कम पुढच्या बिलांमध्ये वळती व्हायला लागली. रोख परत मिळत नाही, हप्त्याहप्त्याने वजा होते, हे आधी माहीत असलेलं बरं.

ओळख लागत नाही. कागद पूर्ण लागतात.

लवकर भरण्याची सवलत वेगळी आहे आणि लोक ती आणि 40 टक्के यांची सरमिसळ करतात. साधारण 31 मेच्या आत पूर्ण वर्षाचा टॅक्स भरला तर करपात्र रक्कम 25 हजारांपर्यंत असेल तर 10 टक्के आणि त्याच्या वर असेल तर 5 टक्के सूट मिळते. ही सूट सर्वसाधारण करात मिळते, पूर्ण बिलात नाही, म्हणून "10 टक्के म्हणाले आणि एवढेच कमी झाले?" असं वाटतं. मुदत काही वर्षी पुढे ढकललीय पण त्या भरवशावर बसू नका. सोलर, गांडूळखत, पावसाचं पाणी जिरवणं यातलं एक चालू असेल तर 5 टक्के आणि दोन असतील तर 10 टक्के सवलत आहे. नव्या सोसायट्यांमध्ये बिल्डरने हे सगळं बसवून दिलेलं असतं पण ते चालू ठेवणं सोसायटीच्या हातात असतं, बंद पडलेलं सोलर दाखवून सवलत घेणं मला बरोबर वाटत नाही आणि तपासणीत ती जातेच. आणि उशीर केला तर थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती (दंड), म्हणजे वर्षाला 24, बँकेच्या पर्सनल लोनपेक्षाही महाग. तेव्हा हातात पैसे नाहीत म्हणून टॅक्स मागे टाकणं हा सगळ्यात तोट्याचा व्यवहार आहे.

आता एक गोष्ट जी मला मनापासून खटकते. पुण्यात एकाच रस्त्यावर दोन बिल्डिंग असतात, एक तीस वर्षं जुनी, एक तीन वर्षांची. फ्लॅट सारखा, पाणी तेच, कचरा उचलणारी गाडी तीच, समोरचा खड्डा पण तोच. तरी नव्या बिल्डिंगचा टॅक्स कितीतरी जास्त. कारण आकारणी झाली तेव्हाचा दर चिकटून राहतो आणि नव्या बांधकामांना नवा वाढलेला दर लागतो. पेठांमधल्या जुन्या वाड्यांचं तर भाडंच जुन्या कायद्याने बांधलेलं, त्यामुळे तिथला टॅक्स फारच कमी. जुन्या लोकांचा टॅक्स वाढवा असं मी म्हणत नाही, पेन्शनवर जगणारी किती माणसं आहेत तिथे. पण आयुष्यभराचं कर्ज काढून पहिलं घर घेणाऱ्या तरुण जोडप्याने शहराचा जास्त भार उचलायचा हा हिशोब मला न्याय्य वाटत नाही. मुंबईत 2010 पासून भांडवली मूल्यावर म्हणजे घराच्या किमतीवर टॅक्स लावायला सुरुवात झाली, आणि तिथे 500 स्क्वेअर फुटांपर्यंतच्या घरांना 2022 मध्ये माफी दिली. तसंच इथे करा असं नाही, भांडवली मूल्याचे पण त्रास आहेत, घराची किंमत वाढली म्हणून पगार वाढत नाही. पण हा विषय उघडपणे चर्चेला यायला हवा, आणि मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर कित्येक वर्षं इथे प्रशासकच होते, मग प्रश्न विचारायचा कुणाला हाच प्रश्न होता.

लोक म्हणतात, टॅक्स भरून मिळतं काय. मला वाटतं या प्रश्नाचं उत्तर रागाने न देता बघायला हवं. पूर्वी मनपाला जकातीचे पैसे मिळायचे, शहराच्या वेशीवर जकात नाके होते ते चाळिशीच्या पुढच्या लोकांना आठवतील. 1 एप्रिल 2013 ला जकात जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, 2015 मध्ये तो बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला आणि 2017 ला जीएसटी आल्यावर तेही संपलं. आता राज्याकडून जीएसटीच्या बदल्यात ठरलेले पैसे येतात, बांधकाम परवानगीचे शुल्क येतं, आणि मनपाच्या स्वतःच्या हातातलं मोठं उत्पन्न म्हणजे हा आपला मिळकतकर. 2023-24 मध्ये त्यातून 2 हजार 200 कोटींच्या पुढे जमा झाले. 2025-26 चं बजेट 12 हजार कोटींच्या वर होतं. म्हणजे आपला वाटा छोटा नाही.

त्यातून कमला नेहरू हॉस्पिटल चालतं जिथे आमच्या मावशींच्या सुनेचं बाळंतपण झालं, मनपाच्या शाळा चालतात, रस्त्यावरचे दिवे लागतात, बागा राखल्या जातात, बालगंधर्व आणि यशवंतराव चव्हाण नाट्यगृह चालतात. पीएमपीएमएलचा, म्हणजे इथल्या बससेवेचा तोटा भरून काढायला 60 टक्के वाटा पुण्याचा आणि 40 टक्के पिंपरी-चिंचवडचा असतो, म्हणजे तुम्ही बसने जात नसाल तरी तुमच्या टॅक्समधून कुणीतरी कात्रजहून शिवाजीनगरला कामावर पोचतं. मला याचा अभिमान वाटतो. दारात कचरा घ्यायला येणाऱ्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताईंना जे महिन्याला देतो ते मात्र वेगळं, ते टॅक्समध्ये नाही. बरेच लोक "टॅक्स भरतोय ना" म्हणून त्यांचे पैसे अडवतात, असं करू नका, त्यांची रोजीरोटी त्या पैशांवरच आहे.

आणि म्हणूनच, पैसे एवढे महत्त्वाचे आहेत म्हणूनच, पाणी दिवसाआड आलं किंवा फुटपाथ तुटलेला दिसला की आपण विचारलं पाहिजे. बिलासोबत एक कागद हवा की मागच्या वर्षी तुमच्या क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत रस्त्यांवर किती, ड्रेनेजवर किती, शाळांवर किती खर्च झाला. पूर्ण शहराच्या कोटींच्या आकड्यांमधून कुणालाच काही समजत नाही. आपल्या वॉर्डचं सांगितलं तर माणूस टॅक्स भरताना कमी कुरकुरेल आणि जास्त नेमके प्रश्न विचारेल.

थकबाकीदारांचं काय, तर त्यांच्या दारात बँड वाजवायची मनपाची पद्धत सगळ्यांना माहिती आहे, मिळकत सील करतात, नोटिसा देतात. ते ठीक आहे. पण मग मधूनच अभय योजना येते. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये आली होती तेव्हा 50 लाखांपर्यंतच्या थकबाकीवरच्या दंडात 80 टक्के माफी दिली. कोविडचं वर्ष होतं, लोकांचे धंदे बुडाले होते, त्या वर्षापुरतं मी समजू शकते. पण दर थोड्या वर्षांनी अशी योजना येणार हे माहीत असेल तर वेळेवर कोण भरेल? आमच्या खालच्या मजल्यावरचे काका पेन्शन आली की पहिला टॅक्स भरतात, औषधं नंतर. त्यांना पहिल्या दोन महिन्यांची ती छोटी सूट, आणि वर्षानुवर्षं बुडवणाऱ्याला दंडात एवढी मोठी माफी. प्रामाणिक माणसाला 2023 मध्ये लॉटरीत गाडी जिंकायची संधी दिली होती मनपाने, पण काकांना गाडी नकोय, त्यांना आपण मूर्ख ठरलो नाही एवढं वाटायला हवंय.

समाविष्ट गावांमध्ये राहणाऱ्यांसाठी थोडं वेगळं आहे. 2017 मध्ये 11 गावं आणि 2021 मध्ये 23 गावं मनपात आली (फुरसुंगी आणि उरुळी देवाची नंतर बाहेर पडली). ग्रामपंचायतीची घरपट्टी आणि मनपाचा टॅक्स यात जमीन-अस्मानाचा फरक, म्हणून टॅक्स एकदम न वाढवता दरवर्षी टप्प्याटप्प्याने 20 टक्क्यांनी वाढवत न्यायचा असं धोरण होतं, तरीही लोकांचा विरोध झाला आणि तो मला चुकीचा वाटत नाही, कारण ड्रेनेज आणि पाण्याची लाईन पोचायच्या आधी बिल पोचलं. त्यात विनापरवाना बांधकाम म्हणून नोंद असेल तर तिप्पटपर्यंत टॅक्स. तिकडे फ्लॅट बघत असाल तर बिल्डरला भोगवटा पत्र (ओसी) मागा आणि टॅक्सचं बिल स्वतः ऑनलाईन काढून बघा, त्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

रिसेलमध्ये घर घेताना तर हे करायलाच हवं, कारण थकबाकी माणसावर नाही, मिळकतीवर बसते. आधीच्या मालकाने चार वर्षं भरलं नसेल तर चावी तुमच्या हातात आली की बिल पण तुमचंच. खाते क्रमांक घ्या, साईटवर टाका, शून्य दिसलं तरच पुढे जा. आणि टॅक्सच्या बिलावर नाव लागलं म्हणजे घर आपलं झालं असं समजू नका, तो मालकीचा पुरावा नाही, फक्त टॅक्स कोण भरतं याची नोंद आहे. मालकीसाठी नोंदणीकृत खरेदीखत आणि इंडेक्स टू (त्या नोंदणीचा उतारा) लागतोच.

नाव बदलायचं मात्र टाळू नका. आमच्याच बिल्डिंगमध्ये अशी घरं आहेत जिथे बिल अजून वारलेल्या आजोबांच्या नावाने येतं, मुलं भरतात, सगळं सुरळीत चाललंय म्हणून कुणी हात लावत नाही. मग घर विकायची वेळ येते, एक भाऊ नाशिकला, बहीण बेळगावला, आणि मग धावपळ. मृत्यूचा दाखला, वारसांचे कागद, नाव बदललेलं सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि चालू वर्षाची टॅक्सची पावती घेऊन हस्तांतरणाचा अर्ज आत्ताच द्या, सगळे भावंडं बोलत असतानाच द्या.

माझे स्टार: पैसे भरण्याच्या सोयीला साडेचार, काऊंटरवरच्या वागणुकीला चार, बिल समजण्याला दोन, 40 टक्क्यांच्या सवलतीला चार पण ती मिळवण्याच्या पद्धतीला अडीच. कुणाला पीटी-3 भरताना सोसायटीच्या पत्राचा नमुना हवा असेल तर कमेंटमध्ये लिहा, मी टाईप करून टाकते.